कोरा – हिंगणघाट

सेतू केंद्राच्या कॉम्प्युटरवर लाल पट्टी आली,
शिष्यवृत्तीच्या एका फॉर्मलाही जागा उरली नाही.
बाहेर चपलांची रांग, चपलांमागे पोरं.
सुमेधला फोन लावला. तो चाकणला, रात्रपाळी करून झोपलेला.
"तुझा गेम काढते रे. चाळीस जीबी खाऊन बसला."
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाला, "पाड घर.
पण भांडेकुंडे आधी बाहेर काढजो."

भांडीकुंडी म्हणजे दोन फोल्डर, डॉक्युमेंट्सच्या पोटात.
एकात त्याचा आजवरचा प्रवास.
दुसऱ्यात, न पटून बदललेलं जग.

मुळात त्या गेममध्ये परदेशी ट्रक होते, ओले हिरवे डोंगर,
रस्त्याला माणूस नाही की म्हैस नाही.
बारावी गेली त्या उन्हाळ्यात
सुमेधने डोंगर खाली बसवले. तुरी पेरल्या.
माती काळी केली, पहिल्यांदा फारच काळी झाली,
डांबर कोणतं, वावर कोणतं कळेना, मग जरा उतरवली.
ट्रकची एसटी केली, मागचं एक टायर टक्कल पडलेलं,
आणि कपाळावर पाटी: कोरा – हिंगणघाट.
चाकणच्या खोलीतली पोरं म्हणाली,
गावाचं नाव टाकायचं राहिलं का रे?

हॉर्न मात्र खरा. स्टँडवर मोबाइल पुढे धरून घेतलेला.
त्यात पानठेल्यावरचा कुत्रा एकदा भुंकतो
आणि कोणीतरी म्हणतं, "सरक नं बे."
ते कापता आलं नाही. किंवा कापलं नाही.

"क्रम लिहून ठेवजो," तो जांभई देत.
"आधी नकाशा, मंग वावरं, मंग बस. हॉर्न शेवटी.
उलटं झालं तं रोड बसच्या टपावरून जाते."
एका बाद फॉर्मच्या पाठीवर लिहून घेतलं.

कॉपी सुरू झाली. सत्त्याऐंशी टक्क्यांवर लाइन गेली.
"गेला का बाई?" रांगेतून कोणी विचारलं.
तिला वाटलं सर्व्हर.
लाइन आल्यावर पुन्हा पहिल्यापासून, आणि या वेळी दोन जागी,
पेनड्राइव्हवर, आणि तेजराजमामाच्या दुकानातल्या जुन्या डबड्यावर.
एकाच जागी ठेवलेलं म्हणजे ठेवलेलंच नाही,
हे लोकांचे दाखले शोधता शोधता कळलंय मला.

मग 'काढून टाका' दाबलं.
त्याने नम्रपणे विचारलं:
तुमची साठवलेली प्रगतीही काढायची का?
चौकटीत होकाराची खूण आधीच केलेली,
बैठकीत सगळं ठरवून मग मुलीला विचारतात तशी.
मी ती खूण पुसली.
सामान बाहेर काढायला सव्वा तास गेला होता.
घर पडेस्तोवर चहाही निवला नाही.

लाल पट्टी निळी झाली. त्या दिवशी त्रेचाळीस फॉर्म भरले,
एका पोराच्या आधारवर आईच्या जागी वडिलांचं नाव.

पेनड्राइव्ह तांदळाच्या डब्यात खोल खुपसलाय,
ओल लागू नये म्हणून. भात टाकताना आई बोटांनी चाचपते,
"आहे," म्हणते, आणि खड्यासारखा बाजूला सारते.

एक मात्र सुमेधला सांगितलेलं नाही.
फोन करायच्या आदल्या रात्री मी ती बस चालवली.
गिरडच्या अलीकडे उभी करून गेला होता तो.
संध्याकाळचे सहा चाळीस, पाव टाकी डिझेल,
दीड वर्ष तसंच तिरपं ऊन.
मला गिअर कळत नाहीत. पहिल्यातच तीन किलोमीटर नेली.
वळणावर हॉर्न दिला. आतला कुत्रा भुंकला.
बाहेर ठेल्याखाली तोच कुत्रा, आता म्हातारा,
त्याने मान उचलली, ऐकलं,
आणि परत पायांत घातली.

बस मी तिथेच सेव्ह केली.
कधी त्याने नव्या मशीनवर सगळं बसवलं, क्रमाने,
तर ठेवली तिथे ती सापडायची नाही त्याला.
विचारलं तर सांगीन,
बंद पडली होती,
धक्का मारला कोणीतरी.